१७ सीटर ट्रॅव्हलरमध्ये ३२ इंची टीव्ही: काम, खर्च आणि दोन तक्रारी

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका गॅरेजमधून आम्ही आमच्या १७ सीटर ट्रॅव्हलरमध्ये टीव्ही बसवून घेतला. त्यावर एक आख्खा पावसाळा गेला, लग्नसराई गेली आणि पुणे रस्त्यावरच्या सहापदरीकरणाची डायव्हर्शन्सही झाली, म्हणून आता लिहायला हरकत नाही. बसवल्या दिवशी कुणाचाही टीव्ही चांगलाच दिसतो. काम मला आवडलं. पाचापैकी चार देईन, एक का कापला ते पुढे येईलच. गॅरेजचं नाव देत नाही, कारण मिस्त्रींनीच हात जोडले. "नाव कुठं टाकू नका वैनी, हाय तीच कामं आवरंनात."

गाडी नवऱ्याच्या नावावर, चालवायला ड्रायव्हर, आणि बुकिंग, हिशेब, लोकांची बोलणी खाणं एवढं माझ्याकडे. आमची बरीचशी भाडी देवदर्शनाची. नरसोबाची वाडी, औदुंबर, अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर, वर्षातून एखाददुसरं अष्टविनायक. उरलेली लग्नाची आणि भिशीच्या बायकांची कोकण ट्रिप. फोनवर भाडं विचारून झालं की लगेच "टीव्ही आहे का?" येतंच. सगळ्यांच्या हातात मोबाइल असताना गाडीत टीव्ही कशाला, असं आमच्या घरातही म्हणून झालं. पण सतरा माणसं सतरा मोबाइल बघत बसली की ती सहल राहत नाही, नुसती वाहतूक होते. क्रिकेटची मॅच असली की सगळी गाडी एकदम ओरडते, त्यासाठी एकच पडदा लागतो. आणि वयस्कर मंडळींना कीर्तन मोठ्या अक्षरांत, मोठ्या आवाजात लागतं. त्यांना मोबाइलवर झेपत नाही.

गाडी आम्ही सेकंडहँड घेतली तेव्हा तिच्यात टीव्ही होताच. आधीच्या मालकाने कुठेतरी बसवून घेतलेला. घराच्या भिंतीवर लावतात तो पुढे-मागे ओढायचा हाताचा स्टँड, ड्रायव्हरमागच्या पार्टिशनच्या प्लायवर चार स्क्रूंनी ठोकलेला. गाडी साठच्या पुढे गेली की टीव्ही मान हलवायला लागायचा, आणि खड्डा आला की कडकड असा आवाज यायचा, तो थेट ड्रायव्हरच्या डोक्यामागे. पुढे एक स्क्रू स्वतःहून बाहेर आला. टीव्ही उतरवला तेव्हा प्लायमधली भोकं एवढी मोठी झालेली की त्यात करंगळी जात होती. वायरचं तर विचारूच नका. सीटखालच्या इन्व्हर्टरला बॅटरीवरून आणलेली बारीक वायर, मध्ये फ्यूज नाही, पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबराचा ग्रोमेट नाही. पत्र्याच्या कडेने वरचं आवरण घासून आतलं तांबं दिसत होतं. सतरा माणसं बसतात त्या सीटखाली हे. ते बघितल्यावर नवा टीव्ही हा विषय मागे पडला, आधी हे नीट कोण करेल हा प्रश्न आला.

दोन-तीन ठिकाणी विचारलं. एका दुकानात टीव्हीसकट १५,००० मध्ये "संध्याकाळपर्यंत गाडी घेऊन जा" असं सांगितलं. उद्यमनगरातले मिस्त्री म्हणाले, "टीव्ही अजून घेऊ नका. आधी रिकामी गाडी आणा." तिथंच माझं मत त्यांच्या बाजूने झालं.

उद्यमनगर म्हणजे कोल्हापूरबाहेरच्या लोकांसाठी सांगते, ऑइल इंजिनं आणि फाउंड्रीच्या जोरावर वाढलेली वसाहत. लेथ, वेल्डिंग, पावडर कोटिंग, वायरिंग, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. आणि ट्रॅव्हलर ही पुण्याच्या आकुर्डीच्या कंपनीची गाडी, १९८७ पासून रस्त्यावर आहे. बजाज टेम्पोचं फोर्स मोटर्स झालं २००५ साली, तरी लोक अजून टेम्पो ट्रॅव्हलरच म्हणतात. इतक्या वर्षांत या गाडीचं छत आतून न उघडलेला बॉडीवाला इथे सापडायचा नाही.

मिस्त्रींकडे टीव्हीच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून ठेवलेले होते, २४, ३२ आणि ४३ इंचांचे. इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं माप. ३२ इंची टीव्ही प्रत्यक्षात रुंदीला ७१-७२ सेंटीमीटर भरतो आणि ४३ इंची ९५-९६. दुकानात भिंतीवर बघून हा फरक लक्षात येत नाही. त्यांनी पुठ्ठा चिकटपट्टीने पार्टिशनच्या वर लावला आणि मला एकेका सीटवर बसायला लावलं, अगदी शेवटच्या बाकापर्यंत. माझ्या मनात ४३ होता, खोटं कशाला बोलू. पण त्याचा एक कोपरा थेट दाराच्या वाटेवर येत होता. डाव्या दारातून वर चढणारा माणूस पहिली पायरी चढतो, वाकतो आणि मान वर करतो, ती मान बरोबर त्या कोपऱ्याखाली. मिस्त्री म्हणाले, "दर ट्रिपला एकाचं टाळकं फुटणार. बघा, तुमी मालक." ३२ चा पुठ्ठा ड्रायव्हरच्या बाजूला सरकवला तर दाराची वाट मोकळी राहत होती, एसीच्या डक्टची जाळीही झाकली जात नव्हती आणि ड्रायव्हरच्या मधल्या आरशालाही आड येत नव्हता. मागून अक्षरं वाचता येत होती. मिटला विषय.

आता खरं काम. ट्रॅव्हलरच्या छताला आतून रेक्झिन, त्याच्यामागे फोम आणि प्लाय. यातल्या कशावरच वजन टांगता येत नाही. वजन घ्यायचं ते छताच्या पत्र्याखाली आडव्या गेलेल्या लोखंडी कमानींनी. पण त्या लायनिंगमागे असतात, दिसत नाहीत. मिस्त्रींनी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक घेतलं आणि लायनिंगवरून हळूहळू फिरवायला सुरुवात केली. एका ठिकाणी चुंबक जड झालं, हात सोडला तरी तिथंच राहिलं. खडूने रेघ मारली. पुढची कमान तशीच शोधली, तिथे दुसरी रेघ. मग खडूच्या रेघेवर बारीक ड्रिलने एक भोक, त्यातून निघालेला कीस बोटावर घेऊन बघितला. लाकडाचा भुसा आधी, मग चकचकीत लोखंड. "लागली," म्हणाले. त्यानंतरच मोठं भोक. रेक्झिन कापायचं तेही क्रॉस न कापता छोटा गोल कापला, म्हणजे पुढे फाटत जाणार नाही.

फ्रेम २५ मिलिमीटरच्या चौकोनी पाइपची, २ मिलिमीटर जाडीची. वरून दोन्ही कमानींना ८ मिलिमीटरच्या बोल्टनी, खालून पार्टिशनच्या लोखंडी चौकटीला. प्रत्येक ठिकाणी मागे ३ मिलिमीटरची पट्टी आणि पुढे रबरी पॅड. सगळे नट नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेले, थरथरीने सैल न होणारे. एकही सेल्फ स्क्रू, म्हणजे नटाशिवाय थेट पत्र्यात आवळायचा स्क्रू, नाही. पातळ पत्र्यात सेल्फ स्क्रू धरतो तो दोन-अडीच आट्यांवर, गाडी हलत राहिली की ते आटे झिजतात आणि भोक मोठं होतं. जुन्या टीव्हीचं तेच झालेलं.

वेल्डिंग त्यांनी गाडीत केलंच नाही. फ्रेम बाहेर जोडली, रंगवली आणि आत आणून बोल्ट केली. मी विचारलं तर म्हणाले, गाडीत वेल्डिंग करायचं तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायला पाहिजे, नाहीतर करंट नको तिथून फिरतो, डायनामोचे डायोड नाहीतर गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, जातो. शिवाय रेक्झिन-फोमला ठिणगी. त्यापेक्षा बाहेर केलेलं बरं. आणि एक फायदा त्यांनी न सांगता माझ्या लक्षात आला. उद्या गाडी विकायची झाली किंवा पासिंगच्या वेळी कुणी हरकत घेतलीच, तर बोल्ट काढले की फ्रेम बाहेर.

टीव्ही टांगण्याआधी मिस्त्रींनी स्वतः त्या फ्रेमला दोन्ही हातांनी लोंबकळून पाय वर घेतले. सत्तर किलोचा माणूस सहज असेल. टीव्ही चार-साडेचार किलोचा. मी म्हटलं, एवढं कशाला? म्हणाले, टीव्ही उभ्या गाडीत चार किलोचा, खड्ड्यात नाही. शिवाय गर्दीत कुणीतरी आधाराला पहिलं तिथंच धरणार. ते अगदी खरं निघालं. पंढरपूरच्या भाड्यात मी स्वतः बघितलं, एक आजी टीव्हीच्या खालच्या पाइपला धरूनच उठत होत्या.

टीव्ही आणि फ्रेमच्या मध्ये साधं फिक्स ब्रॅकेट आहे, फक्त खाली झुकवता येणारं. पुढे ओढायचा हाताचा स्टँड चुकूनही घेऊ नका. घरात तो छान, पण गाडीत टीव्ही जेवढा भिंतीपासून पुढे तेवढा त्याचा हिसका जास्त. टीव्हीच्या पाठीला चार भोकं असतात, त्यांचं अंतर ठरलेलं असतं, १०० बाय १००, २०० बाय १००, २०० बाय २०० मिलिमीटर असं. टीव्ही घेताना पाठीमागचं हे माप बघून ब्रॅकेट घ्या. आणि त्या भोकांत किती लांबीचा स्क्रू जातो तेही. लांब स्क्रू जोरात आवळला तर आत पॅनेलपर्यंत पोचतो. मिस्त्रींनी आधी काडी घालून खोली मोजली, मग त्या मापाचा स्क्रू निवडला. स्क्रूला निळं लॉकटाइट लावलं, म्हणजे आटे सैल होऊ न देणारा डिंक.

सगळं आवळून झाल्यावर प्रत्येक नटावरून खालच्या पट्टीपर्यंत पिवळ्या पेंटची एक रेघ ओढली. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते, पाना लावून बघायची गरज नाही. आमचा ड्रायव्हर आता गाडी धुताना त्या रेघा बघतो. पहिल्या काही फेऱ्यांनंतर गाडी परत बोलावून त्यांनी एकदा सगळं पुन्हा आवळलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. रबरी पॅड दबतात, त्यामुळे सुरुवातीला थोडं सैल होणारच, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

वायरिंगबद्दल लोक कमी बोलतात, आणि आग लागते ती तिथेच. आमच्यापुढे दोन पर्याय होते. १२ व्होल्टवर थेट चालणारा टीव्ही, किंवा घरातला २३० व्होल्टचा टीव्ही आणि इन्व्हर्टर. ट्रॅव्हलरची बॅटरी १२ व्होल्टची, त्यामुळे पहिला पर्याय ऐकायला सोपा वाटतो. पण गाडी चालू असताना डायनामो १४ व्होल्टच्या पुढे देतो आणि स्टार्टर मारताना तेच १० च्या आसपास खाली येतं. एवढा चढउतार सोसायला टीव्हीच्या आधी वेगळा स्टॅबिलायझर लागतो. आणि १२ व्होल्टचे सेट इथे मिळतात ते बरेचसे जुळवलेले, बोर्ड गेला तर दुरुस्तीला कोण हात लावणार? म्हणून नेहमीचा कंपनीचा टीव्ही आणि ३०० वॉटचा प्युअर साइनवेव्ह, म्हणजे घरातल्यासारखी वीज देणारा, इन्व्हर्टर. साध्या इन्व्हर्टरवरही टीव्ही चालतो, पण आवाजात घुंई येते. जुन्या सेटला ती होती.

३२ इंची एलईडी टीव्ही ५०-६० वॉट खातो. इन्व्हर्टरची गळती धरून बॅटरीवरून पाच-सहा अँपिअर. म्हणजे फार नाही, पण वायर लांब जाते. १ चौरस मिलिमीटरची वायर असेल तर जाऊन-येऊन बारा मीटरमध्ये सव्वा व्होल्ट वाटेतच जातो आणि इन्व्हर्टर लवकर टूं टूं करायला लागतो. आमच्याकडे ४ ची वायर टाकली. बॅटरीपासून वीतभर अंतरावर १५ अँपिअरचा फ्यूज. फ्यूज इन्व्हर्टरजवळ लावून उपयोग नाही, मधली सगळी वायर उघडीच राहते. वायर पूर्ण कोरुगेटेड पाइपमधून, पत्र्याच्या प्रत्येक भोकाला ग्रोमेट, वायरच्या टोकाला चिमटून बसवलेले लग, म्हणजे बोल्टखाली बसणारी धातूची टोकं. इन्व्हर्टर सीटखाली न ठेवता पार्टिशनमागे जाळीच्या खोक्यात, हवा लागेल असा. २३० व्होल्टचा भाग पूर्ण झाकलेला. प्रवाशांनी त्यावर चार्जर लावू नये म्हणून सॉकेट मुद्दाम बाहेर काढलाच नाही, मोबाइलसाठी यूएसबी वेगळे आहेत.

सगळं इग्निशनच्या रिलेवर, म्हणजे गाडीच्या चावीवर चालणाऱ्या स्विचवर. चावी काढली की टीव्ही बंद. जेवणाच्या थांब्यावर गाडीत बसून राहणाऱ्यांना हे आवडत नाही, त्यांची नाराजी मी झेलते. इन्व्हर्टर स्वतः बंद होतो तो बॅटरी १० व्होल्टच्या आसपास आल्यावर, तोपर्यंत गाडी स्टार्ट व्हायची आशा संपलेली असते. गाणगापूरच्या पार्किंगमध्ये सतरा माणसांनी गाडीला धक्का मारण्यापेक्षा शेवटची ओव्हर हुकलेली परवडली.

आवाज टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर सोडला तर मागच्या तीन रांगांना काही कळत नाही. इंजिन, एसीचा ब्लोअर आणि गप्पा. म्हणून टीव्हीच्या हेडफोनच्या पिनेतून वायर काढून गाडीच्या अँप्लिफायरला दिली. दिल्याबरोबर स्पीकरमधून बारीक शिट्टी, आणि अॅक्सिलरेटर दिला की शिट्टी चढत जाते. मिस्त्रींना हे पाठ होतं. टीव्हीची अर्थिंग इन्व्हर्टरमधून, अँप्लिफायरची गाडीच्या बॉडीतून, दोन वाटांनी फिरलेला करंट आवाजात उतरतो. मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणून काडेपेटीएवढा डबा लावला, शिट्टी गेली.

टीव्हीबद्दल थोडंच सांगते, कारण तो कुठलाही चालला असता. कंपनी बघू नका, पॅनेल बघा. आयपीएस प्रकारचं असेल तर कडेच्या सीटवरूनही रंग नीट दिसतात. दुसऱ्या प्रकारात समोरून चित्र झकास, खिडकीकडच्या एकट्या सीटवरून फिकट. दुकानात टीव्हीसमोर उभं न राहता बाजूला जाऊन बघा. काच चकचकीत नको. दुपारी पडदे ओढले नाहीत तर अंधारातले सीन आमच्याकडेही दिसत नाहीतच, पण निदान स्वतःचं तोंड दिसत नाही. आणि छतातल्या निळ्या-जांभळ्या पट्ट्या टीव्ही चालू असताना बंद ठेवा, सगळ्या पडद्यावर उतरतात. घरगुती टीव्हीची वॉरंटी गाडीतल्या वापराला लागू होईल असं धरून चालू नका, कार्डावरच्या अटी घेण्याआधी वाचा. विम्याचंही तसंच. कंपनीकडून न आलेली इलेक्ट्रिकची वस्तू पॉलिसीत किमतीसह वेगळी दाखवावी लागते, थोडा प्रीमियम वाढतो. नूतनीकरणाच्या वेळी एजंटला आपणहून सांगा, तो आपण होऊन विचारणार नाही.

स्मार्ट टीव्ही घेतला खरा, पण घाटात आणि आतल्या रस्त्यावर रेंज जाते आणि पडद्यावर नुसतं चाक फिरत राहतं. म्हणून सगळं पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह एफएटी३२ या फॉरमॅटमध्ये असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही, आमचं दोन तासांचं कीर्तन त्यातच अडकलं होतं. एक्सफॅट किंवा एनटीएफएस तुमचा टीव्ही वाचतो का ते दुकानातच घालून बघा.

आता घाट. पडद्यावर नजर खिळलेली असते, डोळे सांगतात आपण स्थिर आहोत, कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं गाडी वळतेय. दोघांचं पटत नाही आणि पोट ढवळतं. सरळ रस्त्यावर ज्यांना कधी गाडी लागत नाही त्यांनाही टीव्ही बघत आंबा घाट उतरताना उलट्या होतात, मुलांना तर हमखास. आमचा नियम असा की गगनबावड्याच्या पुढे करूळ लागला, किंवा आंबा, फोंडा, कुठलाही घाट सुरू झाला की टीव्ही बंद. त्यासाठी मिस्त्रींनी ड्रायव्हरजवळ एक मास्टर स्विच दिलाय. रिमोट प्रवाशांकडे, स्विच आमच्याकडे. तक्रारी येतात. त्या उलटी पुसण्यापेक्षा सोप्या.

ड्रायव्हरला पडदा दिसता कामा नये हे तर उघडच. पण रात्री एक गोष्ट होते ती बसवताना कुणाच्या डोक्यात येत नाही. पडद्याचा उजेड मागच्या काचेवर पडतो आणि तिथून मधल्या आरशात येतो. ड्रायव्हरला वाटतं मागून कुणी अप्पर देतंय. ब्राइटनेस निम्म्यावर आणला आणि मागच्या काचेला पडदा लावला, तेव्हा ते थांबलं.

खर्च मांडते. टीव्ही ११,८००. इन्व्हर्टर ४,२००. फ्रेम रंगासकट ३,२००, ब्रॅकेट ४५०. वायर, फ्यूज, रिले, पाइप मिळून १,९००. आवाजाची वायर आणि आयसोलेटर ६५०. मजुरी ३,५००. बेरीज २५,७००. म्हणजे टीव्ही निम्म्याहूनही कमी. नवऱ्याने कागद बघून विचारलं की फ्रेमला तीन हजार? मी त्याला जुना स्क्रू दाखवला, अजून ठेवलाय मी ड्रॉवरमध्ये. आमच्या लहानपणी मुंबईच्या लक्झरीवर 'व्हिडिओ कोच' असं रंगवलेलं असायचं आणि आत ड्रायव्हरच्या मागे लोखंडी पेटीत डबडा टीव्ही, शेजारी कुलूप लावलेला व्हीसीआर. दिसायला भयंकर, पण ती पेटी हललेली मी कधी बघितली नाही. आताचे टीव्ही हलके झाले म्हणून लोकांनी पेटीवरचा खर्चच सोडून दिला.

तक्रार पहिली, वेळ. बुधवारी देतो म्हटलेली गाडी शनिवारी मिळाली आणि शुक्रवारचं एक भाडं मला दुसऱ्याच्या गाडीला द्यावं लागलं. कमिशन मिळालं, पण पार्टी आपली होती. फोन केला की "वैनी, रंग वाळंना" एवढंच. पावसाळी हवा होती हे मान्य, मग बुधवार कशाला सांगायचा? दुसरी, आवराआवर. ड्रिलचा कीस सीटच्या फटीत तसाच. वॅक्यूम मारायला दहा मिनिटं लागतात. पुढच्या सीटच्या कापडाला तो टोचून राहिला आणि एका बाईंच्या पैठणीचा धागा ओढला गेला. तो विषय मी कसा मिटवला ते इथे लिहीत नाही. एक गुण यासाठीच कापला. गाडी देताना सीटवर जुन्या चादरी टाकून द्या, आणि ताब्यात घेताना सीटच्या फटीतून हात फिरवून घ्या, हातमोजा घालून.

बाकी डायव्हर्शनच्या खड्ड्यांतून गाडी कितीही आपटली तरी टीव्हीचा आवाज येत नाही. म्हणजे चॅनेलचा येतो, फ्रेमचा येत नाही. ड्रायव्हर खूश आहे, त्याच्या डोक्यामागची कडकड गेली.

१२ सीटर असेल तर २४ इंची पुरे, त्याचं वजनही कमी आणि फ्रेम एकाच कमानीवर भागते का ते मिस्त्री सांगतील. २६ सीटरमध्ये एकच मोठा लावण्यापेक्षा मध्ये छताला दुसरा लहान लावा, पण मग वायर जाड घ्या आणि इन्व्हर्टर वाढवा. आपत्कालीन खिडकीच्या आड काहीही येऊ देऊ नका. आणि जो कुणी गाडी न बघता फोनवर रेट सांगेल, त्याच्याकडे निदान वायरिंग तरी देऊ नका.